भिंतीवरच्या टॅबचं वायफाय सारखं जातंय? तपासणीचा क्रम असा ठेवा

घोडबंदर रोडच्या टॉवरांत काय किंवा खारघर-सीवूड्सच्या नव्या सोसायट्यांत काय, मुख्य दाराशी भिंतीवर टॅब लावून त्यावरून दिवे, पंखे, एसी आणि दारावरचा कॅमेरा चालवणारी घरं आता बरीच आहेत. त्यातल्या बऱ्याच घरांत आठवड्यातून दोनदा तरी टॅबवर नुसता गोल फिरत बसतो. त्यानंतरचे उपायही ठरलेले: राउटर बंद-चालू, मग सिग्नल पुढे पाठवणारा एक्सटेंडर, मग मेशचा (मिळून एकच वायफाय देणाऱ्या दोन-तीन डब्यांचा) संच, आणि शेवटी ‘टॅबच भंगार आहे’. पैसे जातात, गोल फिरतच राहतो. टॅबमधल्या एखाद्या सेटिंगमुळे तुटणारी जोडणी मेश लावून थांबत नाही.

म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी टॅब, मग वीज, मग आयपी पत्ते (राउटर प्रत्येक उपकरणाला देतो ते नंबर), मग राउटर, मग भिंती. खरेदी सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच बदल करायचा आणि पुढच्या बदलाआधी पूर्ण २४ तास जाऊ द्यायचे. एका संध्याकाळी पाच गोष्टी बदलल्या तर बरं कशाने झालं हे कळत नाही, आणि महिन्याभराने दुखणं परत आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तयारी

हे हाताशी घेऊन बसा:

- राउटरच्या सेटिंग पानाचा पासवर्ड. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. राउटरच्या खालच्या स्टिकरवर बघा. जोडणी करणाऱ्या माणसाने बदलला असेल तर त्यालाच विचारा.
- एक लॅपटॉप, शक्यतो केबलने राउटरला जोडलेला.
- एक फोन. टॅबच्या जागी धरून तुलना करायला.
- सिग्नलची ताकद डीबीएममध्ये (हा आकडा उणे असतो; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) दाखवणारं अ‍ॅप. वायफायमॅन फुकट आहे आणि पुरेसं आहे.
- यूएसबी मीटर. चार्जर आणि टॅब यांच्या मधे लावायचा छोटा व्होल्टमीटर.
- कागद आणि पेन. मोबाइलमधली नोंद कोणी उघडून बघत नाही.

अँड्रॉइड टॅब असेल तर ‘अबाउट’मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. त्यातलं ‘वायफाय व्हर्बोज लॉगिंग’ चालू करा. आता वायफायच्या यादीत प्रत्येक नेटवर्कखाली सिग्नलचा आकडाही दिसेल. काम संपल्यावर ते बंद करायचं.

राउटरच्या प्रत्येक सेटिंग पानाचा फोटो काढून ठेवा. उलट फिरायचा तोच एक रस्ता असतो.

> सावध: राउटरच्या मागचं रीसेटचं छिद्र टाचणीने दाबू नका. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यात जोडणीचं युजरनेम आणि इतर माहिती भरलेली असते. ती पुसली गेली की माणूस येईपर्यंत नेट बंद. शिवाय वायफायचं नाव मूळ पदावर येतं आणि घरातले सगळे स्मार्ट स्विच एका झटक्यात अनाथ होतात.

टप्पा १: नेमकं काय गेलं ते ओळखा

‘वायफाय गेलं’ या दोन शब्दांत चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. पुढच्या वेळी टॅब अडकला की काहीही बंद-चालू करू नका. हात शिवशिवेल, पण एकदा रीस्टार्ट केलं की पुरावा गेला. आधी एवढं बघा:

1. टॅबवर वायफायचं चिन्ह आहे का? नसेल तर जोडणीच तुटली आहे. हा बिघाड अ.
2. चिन्ह आहे, पण त्यावर उद्गारचिन्ह आहे. टॅबच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. राउटरचं पान उघडलं, पण बाहेरची एकही साइट उघडत नाही, म्हणजे वायफाय धडधाकट आहे आणि इंटरनेट गेलंय. बिघाड आ.
3. बाहेरची साइट उघडते, पण घरचा हब (दिवे-स्विच एकत्र चालवणारा डबा) किंवा होम असिस्टंटसारख्या त्याच कामाच्या सॉफ्टवेअरचं पान उघडत नाही. बिघाड इ. हा जवळपास नेहमी पत्त्यांचा घोळ असतो.
4. सगळं उघडतंय, फक्त डॅशबोर्डवरचं (घर चालवायच्या टॅबवरच्या पानावरचं) तापमान तासाभरापूर्वीचं आहे आणि पान ताजं केलं की चालतं. बिघाड ई. इथे वायफाय निर्दोष आहे. अ‍ॅप झोपलं होतं.

कागदावर तारीख, वेळ आणि अक्षर एवढं लिहा. ई असेल तर टप्पा ३ वर जा, इ असेल तर टप्पा ५ वर. आ असेल तर टप्पा ४ मधला विजेचा भाग बघा, आणि त्या वेळी घरातल्या इतर फोनवरही नेट बंद असेल तर टॅबला दोष देऊ नका. अ असेल तर सगळे टप्पे ओळीने करावे लागतील.

टप्पा २: वेळ काय सांगते

दोन दिवस नुसती नोंद करा. लॅपटॉपवरून टॅबच्या आयपीला सतत पिंग (‘आहेस का?’ अशी छोटी हाक) लावून ठेवली तर तुटण्याची वेळ मिनिटापर्यंत कळते. पडदा बंद असताना पिंगचं उत्तर दोनशे-तीनशे मिलिसेकंदांनी उशिरा येणं नॉर्मल आहे, टॅब वीज वाचवत असतो. उत्तरच येईनासं झालं की ती तूट.

मग वेळेचा ठसा बघा. पडदा बंद झाल्यावर दहा-वीस मिनिटांनी जातं तर झोपेचं दुखणं. बरोबर दर तासाला जातं तर राउटरमधली ‘ग्रुप की’ (सगळ्या उपकरणांची वायफायची सामायिक किल्ली) बदलण्याची वेळ बघायची. बऱ्याच राउटरवर ती ३,६०० सेकंद असते आणि जुने टॅब त्या बदलात अडखळतात. दर बारा तासांनी जातं आणि राउटरवर आयपीची मुदत २४ तास आहे? मग तोच धागा, कारण निम्मी मुदत उलटली की टॅब पत्ता नव्याने मागतो. रात्री नऊ ते अकरा म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी. दूध गरम करताना जातं तर मायक्रोवेव्ह, तो २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात आवाज करतो. कसलाच ठसा नाही, केव्हाही जातं, तर बहुतेक वेळा सिग्नलच कमजोर असतो.

टप्पा ३: टॅबची झोप उडवा

टॅब हातात धरून वापरायला बनवलेला असतो. भिंतीवर चोवीस तास जागं राहणं त्याच्या स्वभावात नाही. वापर दिसला नाही की तो अ‍ॅप थांबवतो आणि वायफायला डुलकी लागते.

1. बॅटरी सेटिंगमध्ये डॅशबोर्डच्या अ‍ॅपला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. सॅमसंगवर त्याशिवाय ‘नेव्हर स्लीपिंग अ‍ॅप्स’च्या यादीत टाका. दोन्ही करावं लागतं, आणि एवढंच एक करून लोक थांबतात.
2. बॅटरी सेव्हर आपोआप सुरू होण्याची टक्केवारी बंद करा.
3. वायफायच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात ‘इंटेलिजंट वायफाय’खालचे पर्याय बंद करा: चांगल्या नेटवर्कवर उडी मारणं, मोबाइल डेटावर जाणं, वायफायची वीजबचत. भिंतीवरच्या टॅबला यातल्या एकाचाही उपयोग नाही.
4. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘स्टे अवेक’ चालू करा. चार्जिंगवर असताना पडदा बंद होत नाही. रात्रीचा उजेड नको असेल तर फुली किऑस्कसारख्या अ‍ॅपमधून पडदा मंद करा, बंद नको.
5. त्याच अ‍ॅपमध्ये नेटवर्क परतल्यावर आणि पान चुकल्यावर आपोआप रीलोड होण्याचे पर्याय चालू करा. ई प्रकारचे बहुतेक बिघाड इथेच संपतात.
6. आयपॅड असेल तर ऑटो-लॉक ‘नेव्हर’, लो पॉवर मोड बंद, आणि गायडेड अ‍ॅक्सेसमध्ये तेवढंच एक अ‍ॅप.

वायफाय दर तासाला बंद-चालू करणारं एखादं अ‍ॅप टाकायचा सल्ला अजून फिरतो. अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपला तसं करायची परवानगीच नाही. असलं अ‍ॅप नुसती बॅटरी खात बसतं.

मग येतो तो अदृश्य प्रश्न. वायफाय जोडलेलं आहे पण इंटरनेट नाही असं अँड्रॉइडला वाटलं की तो विचारतो, ‘तरीही जोडून राहायचं का?’ किऑस्क मोडमध्ये (टॅबवर एकच पान अडकवून ठेवलेलं असताना) हा प्रश्न डॅशबोर्डच्या मागे दडून राहतो. कोणी उत्तर देत नाही आणि टॅब ते नेटवर्क सोडून देतो. म्हणून एकदा किऑस्कमधून बाहेर या, इंटरनेटची फायबर तशीच ठेवून राउटरच्या पानावरून फक्त बाहेरची जोडणी बंद करा, प्रश्न येऊ द्या, ‘पुन्हा विचारू नका’वर खूण करून ‘हो’ म्हणा. घरात जाहिराती अडवणारा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) लावला असेल तर त्याने अँड्रॉइडची इंटरनेट तपासणारी विनंतीही अडवलेली नाही ना, ते बघा.

> तपासणी: रात्री अकराला टॅब सोडा, सकाळी सातला एकही बोट न लावता डॅशबोर्डवरचं घड्याळ आणि एखाद्या सेन्सरची वेळ बघा. दोन्ही ताजी असतील तर झोपेचा प्रश्न मिटला.

चुंबकाच्या स्टँडवर टॅब बसवला असेल तर आणखी एक बघा. झाकण लावलं की पडदा बंद व्हावा म्हणून टॅबच्या कडेला चुंबक ओळखणारा सेन्सर असतो. स्टँडचा चुंबक नेमका तिथे आला की टॅबला वाटतं झाकण लागलं, आणि तो झोपतो. स्टँडवर टॅब दोन सेंटिमीटर सरकवून बघा.

टप्पा ४: वीज, केबल, बॅटरी

इंटीरियरवाल्याने भिंतीतून तीन मीटरची बारीक यूएसबी केबल नेलेली असते. स्वस्त केबलमधली तार २८ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) असली तर तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. वीज जाऊन परत येते, म्हणजे तीन मीटरच्या केबलमध्ये तार सहा मीटर. एकूण रोध १.२८ ओहमच्या आसपास. एक अँपिअर ओढला की चार्जरच्या ५ व्होल्टपैकी सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. टॅब ‘चार्जिंग’ असं दाखवतो, पण दिवसाला चार-पाच टक्के उतरत राहतो. पंधरा-वीस दिवसांनी बॅटरी सेव्हर लागतो, वायफाय झोपतं, आणि शिव्या राउटरला पडतात.

टॅबच्या टोकाला यूएसबी मीटर लावा. पडदा पूर्ण उजेडावर ठेवून ४.७५ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर केबल बदला. त्याच लांबीची २० गेजची तार एका अँपिअरला फक्त ०.२ व्होल्ट खाते. त्याहून सोपं म्हणजे चार्जरच टॅबच्या मागे आणा आणि त्याच्यापर्यंत २३० व्होल्टची वायर इलेक्ट्रिशियनकडून ओढून घ्या.

बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर ठेवू नका. टॅबमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती वापरा. स्मार्ट प्लग लावून २० ते ८० चा खेळ करत असाल तर एक फेरा तोडा: टॅबचं वायफाय गेलं की बॅटरीची टक्केवारी हबला कळत नाही, प्लग चालू होत नाही, टॅब मरतो. ऑटोमेशनमध्ये ‘तासभर टॅबकडून खबर नाही, तर प्लग चालू’ हा नियम हवाच. पूर्ण मेलेला टॅब उठतो तेव्हा कधीकधी त्याची तारीख चुकलेली असते. मग सुरक्षित साइट उघडत नाहीत आणि नेट नसल्यासारखं वाटतं. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवा.

> सावध: टॅबची पाठ फुगलेली दिसली, पडदा एका कडेने उचलला गेला, तर पुढचं काही तपासू नका. चार्जर काढा, टॅब भिंतीवरून उतरवा, बॅटरी बदलून घ्या. दाबून परत बसवायचा प्रयत्न नको.

आता राउटरची वीज. महावितरणची लाइट गेली की सोसायटीचा जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात, आणि लाइट परत आली की पुन्हा एक झटका. टॅब बॅटरीवर असल्याने त्याला काहीच कळत नाही. राउटर मात्र दोनदा बंद पडून उठतो. वायफाय आधी उभं राहतं, इंटरनेट दोन-तीन मिनिटांनी, आणि मधल्या काळात टॅब ‘इंटरनेट नाही’चा शिक्का मारून मोकळा होतो.

यावर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. घेण्याआधी फायबरचा डबा आणि राउटर, दोघांच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. दोन्ही १२ व्होल्ट हवेत. काही राउटर ९ व्होल्टचे असतात आणि त्यांना १२ दिले तर ते जळतात. अँपिअरची बेरीज करा: १ आणि १.५ असेल तर यूपीएस किमान २.५ अँपिअरचा. पिन ५.५ मिलिमीटरचीच दिसते, पण आतलं भोक २.१ आणि २.५ असं दोन प्रकारचं असतं. चुकीची पिन घुसते, ढिली राहते, आणि नवा बिघाड तयार होतो. ज्यांचं नेट फायबरऐवजी मजल्यावरच्या डक्टमधल्या स्विचवरून केबलने येतं, त्यांचं इंटरनेट लॉबीची वीज गेली की तरीही जाईल; पण घरातलं वायफाय आणि दिव्यांचा ताबा राहील.

टप्पा ५: पत्त्यांचा घोळ सोडवा

1. आधी टॅबमध्ये त्या नेटवर्कच्या ‘प्रायव्हसी’खाली ‘रँडम मॅक’ऐवजी ‘डिव्हाइस मॅक’ निवडा. मॅक म्हणजे उपकरणाचा ओळखक्रमांक. अँड्रॉइड १० पासून रँडम हाच मूळ पर्याय असतो. आयपॅडवर ‘प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस’ बंद करा.
2. मग राउटरमध्ये त्या मॅकला कायमचा आयपी बांधून द्या. लोक हेच दोन्ही उलट क्रमाने करतात आणि मग बांधलेला पत्ता टॅबला मिळतच नाही.
3. टॅबमध्ये हाताने स्टॅटिक आयपी भरला असेल तर तो काढा. राउटर १०० ते १९९ मधले पत्ते वाटत असेल आणि टॅबमध्ये १२० भरला असेल, तर एखाद्या दिवशी १२० नंबर पाहुण्याच्या फोनला जातो आणि दोघंही अडखळतात.
4. हबलाही तसाच कायमचा आयपी द्या.

इ बिघाडाचं ठाण्या-नवी मुंबईत हमखास सापडणारं मूळ म्हणजे एका घरात दोन राउटर. फायबरच्या डब्याचं वायफाय चालूच असतं, त्याच्या मागे घरमालकाने आपला राउटर लावलेला असतो. टॅब एकदा याला चिकटतो, एकदा त्याला. त्याचा आयपी बघा: हब १९२.१६८.०.१० वर आणि टॅब १९२.१६८.१.३४ वर असेल तर दोघं वेगवेगळ्या घरात राहतात. उपाय एकच: फायबरच्या डब्याचं वायफाय बंद करा. नाहीतर आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय देईल, आणि पत्ते वाटायचं काम एकाकडेच ठेवा.

> तपासणी: राउटरच्या यादीत जोडलेली उपकरणं मोजा. स्विच, बल्ब, कॅमेरे, फोन मिळून पंचवीस-तीसच्या पुढे गेली असतील तर साधा डबा नव्या उपकरणाला दारातूनच परत पाठवतो, आणि नेमका तो नंबर टॅबचा लागतो.

टप्पा ६: राउटरची सेटिंग

आता कुठे राउटरला हात लावायचा.

*बँड वेगळे करा.* दोन्ही बँडना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकच नाव असेल तर राउटर टॅबला इकडून तिकडे ढकलत राहतो. नाव तोडताना जुनं नाव २.४ ला ठेवा आणि ५ गिगाहर्ट्झला नवं द्या. बहुतेक वायफाय स्विच फक्त २.४ वर चालतात. त्यांचं नाव बदललंत तर वीस स्विच शिडीवर चढून पुन्हा जोडावे लागतील.

*टॅबला एकच बँड द्या.* टॅबच्या जागी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला असेल तर ५. नसेल तर २.४. दुसरं नेटवर्क टॅबमधून ‘फॉरगेट’ करा, दोन्ही साठवून ठेवू नका.

*चॅनेल ऑटोवर सोडू नका.* २.४ साठी १, ६, ११ यांतला सगळ्यात मोकळा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. टॉवरच्या बाराव्या मजल्यावर तीस-चाळीस नेटवर्क दिसत असताना ४० ची रुंदी लावणं म्हणजे ठाण्याच्या तलावपाळीला रविवारी संध्याकाळी दोन गाड्यांची जागा अडवणं. ५ साठी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला चॅनेल निश्चित करा. मधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारशी वाटून घेतलेले असतात. रडारसारखं काही ऐकू आलं की राउटरला तो चॅनेल ताबडतोब सोडावा लागतो, अर्धा तास तिथे परतता येत नाही, आणि परत बसण्याआधीही किमान साठ सेकंद कान देऊन गप्प राहावं लागतं. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार आहे आणि उंच मजल्यांना आकाश मोकळं असतं. टॅबसाठी हा धोका पत्करायचं कारण नाही.

*सुरक्षा.* जुन्या टॅबला डब्ल्यूपीए-३ची मिश्र पद्धत पचत नाही. डब्ल्यूपीए-२ आणि एईएसवर ठेवून एक दिवस बघा. दर तासाला जाणाऱ्यांनी ग्रुप कीची वेळ ८६,४०० सेकंद करावी.

झिग्बीचा (बल्ब-सेन्सरांच्या वेगळ्या वायरलेस जोडणीचा) हब राउटरला चिकटून ठेवला असेल तर मीटरभर लांब करा. वायफाय ११ वर नेल्यावर बल्ब रेंगाळायला लागले तर झिग्बी त्याच पट्ट्यात सापडलंय. वायफायच परत १ किंवा ६ वर न्या. झिग्बीचा चॅनेल बदलला तर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात.

टप्पा ७: भिंती आणि जागा

जुन्या नौपाड्यातली किंवा वाशी-नेरुळच्या सिडको वसाहतींतली विटांची भिंत सिग्नल खाते, पण त्याला जाऊ देते. नव्या टॉवरांतली मिवानची भिंत वेगळी. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं ते सलग काँक्रीट असतं, आत सळ्यांची जाळी. एका भिंतीआड जाताना ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल इतका पडतो की हॉलमध्ये उत्तम चालणारं वायफाय बेडरूमच्या दारामागे लंगडं होतं. सोसायटीचा ब्रोशर उघडला नसेल तर भिंतीवर बोटाने ठोकून बघा: खोल्यांमधली बारीक भिंतही दगडासारखी बद्द वाजली तर मिवान समजा.

त्यात बिल्डर इंटरनेटचा पॉइंट देतो मुख्य दाराशी, लोखंडी झाकणाच्या डीबीत, म्हणजे भिंतीतल्या वायरिंगच्या पेटीत. लोक राउटर त्याच डब्यात कोंबून झाकण लावतात. वर चपलांचं कपाट. लोखंडाच्या डब्यात राउटर ठेवून वायफायची तक्रार करणं म्हणजे झाकण लावलेल्या कुकरमधून वास येत नाही म्हणण्यासारखं आहे.

मोजणी अशी करा:

1. टॅब भिंतीवरून न काढता, त्याच्यापासून दोन पावलं मागे उभं राहून दोन मिनिटं आकडा बघा. हातात धरून मोजू नका.
2. टॅब उतरवून त्याच जागी, भिंतीपासून वीतभर पुढे मोजा.
3. राउटरच्या समोर, दोन मीटरवर मोजा.
4. हे सगळं रात्री नऊनंतर पुन्हा.

उणे ५० ते ६० म्हणजे मजा. ६७ पर्यंत चालेल. ७० ला चालतं-बंद पडतं. ७५ च्या पलीकडे कुठलीच सेटिंग वाचवणार नाही. पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीत आठ-दहा डेसिबलचा फरक आला तर दोष टॅबच्या पाठीमागे आहे: धातूची पाटी, स्विचबोर्डचा लोखंडी बॅकबॉक्स, नाहीतर आरशाचा पारा. अँटेना टॅबच्या कडांना असतात. धातूच्या चौकटीत बसवला की त्या मिटतात. प्लास्टिकची किंवा लाकडी चौकट लावा.

राउटर डीबीतून बाहेर काढा, दीड-दोन मीटर उंचीवर, उघड्यावर. टीव्हीच्या मागे नको, फ्रिजवर नको, फिशटँकशेजारी नको. नुसतं एवढं केल्याने दहा-पंधरा डेसिबल सुधारतात आणि पुढचा टप्पा लागतच नाही. शोभेसाठी राउटर लपवायचाच असेल तर लाकडी जाळीमागे लपवा.

> सावध: मिवानच्या भिंती इमारतीचा भार घेतात. केबलसाठी झिरी पाडायला किंवा आरपार भोक घ्यायला कारागीर लगेच तयार होतो; सोसायटीची लेखी परवानगी आणि इंजिनिअरचा होकार मिळाल्याशिवाय त्याला हॅमर लावू देऊ नका.

टप्पा ८: अजूनही सिग्नल कमी? आता खरेदी

एक्सटेंडर घेऊ नका. तो त्याच कमजोर सिग्नलची नक्कल करतो आणि वेग निम्मा करतो. दुसरा राउटर घेऊन त्याला केबलने जोडा आणि अ‍ॅक्सेस पॉइंट करा, किंवा मेश घ्या. पण मेशचे दोन डबेही केबलनेच जोडा. मिवानच्या भिंतीआड त्यांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही.

केबल कुठून न्यायची? डीबीतून प्रत्येक खोलीत टीव्हीची आणि टेलिफोनची वायर गेलेली असते, त्याच पाइपातून. निकामी टेलिफोन वायरच्या टोकाला नेटची कॅट-६ केबल बांधून ओढा, नाहीतर इलेक्ट्रिशियनला स्प्रिंग घेऊन बोलवा. २३० व्होल्टच्या वायरच्या पाइपातून कॅट-६ नेऊ नका. ओढताना केबलला गाठ किंवा तीक्ष्ण वळण नको. टोकाला आरजे-४५ प्लग मारल्यावर टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत.

मेश लावल्यावर टॅबला जवळच्या डब्याला बांधा आणि टॅबपुरतं फास्ट रोमिंग (एका डब्यावरून दुसऱ्यावर झटकन उडी) बंद करा. भिंतीला खिळलेल्या वस्तूला रोमिंग कशाला?

केबल टॅबपर्यंतच पोचत असेल तर सगळ्यात उत्तम: वायफाय सोडून द्या. नेटच्या केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच आणि टॅबच्या टोकाला यूएसबी-सीचा असा स्प्लिटर, जो वीज आणि नेट दोन्ही देतो. ८०२.३एएफ प्रकारात टॅबच्या टोकाला १२.९५ वॉट मिळतात, भिंतीवरच्या टॅबला पुरतात. घेण्याआधी दुकानातच जोडून बघा. काही टॅब नेट घेताना चार्जिंग बंद करतात.

टप्पा ९: मेन बंद करून परीक्षा

घरच्यांना सांगून, कोणाची मीटिंग चालू नाही असं बघून, आपल्या घराचा मेन एमसीबी पाडा. वीस सेकंदांनी चालू करा, पुन्हा लगेच पाडा, पुन्हा चालू. जनरेटर बदलताना जे होतं तेच. घड्याळ लावून बघत राहा आणि टॅबला हात लावू नका.

यूपीएस असेल तर टॅबवर काहीच दिसता कामा नये. यूपीएस नसेल तर पाच मिनिटांत डॅशबोर्ड आपणहून परत यायला हवा, आणि एक दिवा टॅबवरून लागायला हवा. पाच मिनिटांनीही आला नाही तर चार बिघाडांपैकी अक्षर कोणतं ते बघा आणि त्याच टप्प्यावर परत जा. परीक्षा दोन वेगवेगळ्या दिवशी पास झाली की व्हर्बोज लॉगिंग बंद करा.

मग एक कागद डीबीच्या दाराला आतून चिकटवा: टॅबचा आणि हबचा आयपी, दोन्ही नेटवर्कची नावं आणि कुठलं कशासाठी, ठरवलेले चॅनेल, ग्रुप कीची वेळ, यूपीएसची तारीख. आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘रीसेट करू नये. वायफायचं नाव बदलू नये.’ इंटरनेटवाला पुढच्या वेळी येतो तेव्हा घरात बहुतेक आजी-आजोबाच असतात.